खड्ड्यातल्या पिवळ्या वाट्या

माणूस आजारी पडला की डॉक्टरला सांगतो, इथं दुखतं. गाडी आजारी पडली की तिचा मालक मिस्त्रीसमोर उभा राहून तोंडानं आवाज काढतो. आलापल्ली-अहेरीच्या पट्ट्यात मी उभा जन्म गाड्यांखाली आडवा पडून काढला, आणि त्यात जितकं ऑइल पाहिलं तितकेच हे आवाज ऐकले. गुरुजी लोक मोजूनमापून ठक-ठक करायचे. लाकडाचे ठेकेदार नुसतेच ओरडायचे, कारण त्यांना गाडीपेक्षा खोळंब्याचं दुःख जास्त. एक आजीबाई तर नातवाची जीप घेऊन आल्या होत्या. “मुसळावानी करते बाप्पा,” एवढंच म्हणाल्या आणि हातानं कांडून दाखवलं. सगळ्यांत अचूक निदान त्यांचंच निघालं.

सगळ्यांत चुकीचं निदान झालं ते एका नटाच्या गाडीचं. झाडीपट्टीच्या नाटकांत हा गृहस्थ खलनायकाची कामं करायचा. “आइका मिस्त्री,” म्हणून त्यानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि खिळखिळ्या बेअरिंगचा असा काही आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला. गाडी सुरूसुद्धा न करता मी सांगून टाकलं, बेअरिंग गेलं. इंजिन खोललं तर बेअरिंग ठणठणीत. आवाज डिकीत ठेवलेल्या नाटकाच्या तलवारींचा होता. तेव्हापासून नट लोकांची गाडी मी आधी चालवून पाहायचो आणि मग त्यांचं ऐकायचो.

आता हे बेअरिंग म्हणजे काय, ते सांगायला हवं. बेअरिंग म्हटलं की लोकांना सायकलच्या चाकातल्या गोळ्या आठवतात. इंजिनच्या पोटातलं बेअरिंग तसं नसतं. पोटात एक जाड, वळणावळणाचा दांडा फिरत असतो, त्याला क्रँक म्हणतात. वरचे पिस्टन खालीवर होतात आणि लोखंडी हातांनी हा दांडा फिरवतात. हात जिथं दांडा मुठीत धरतो, त्या मुठीच्या आत दोन पातळ अर्धगोल वाट्या बसवलेल्या असतात. दोन्ही मिळून एक कडं होतं. हेच बेअरिंग. दांडा इंजिनच्या अंगाला जिथं जिथं टेकतो, तिथंही अशीच कडी असतात. वाटी आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो, आणि सगळा संसार त्या पापुद्र्यावर चालतो. तव्यावर तेल नसलं की धिरडं जसं धरतं, तसं तेल नसलं की बेअरिंग दांड्याला धरतं.

वाटीला आतून राखाडी मऊ धातूचा लेप असतो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. झिजायचंच झालं तर वाटीनं झिजावं, दांड्यानं नाही, कारण वाटी बदलता येते. लेप झिजला की खालची तांब्याची मिसळ उघडी पडते, पिवळीधमक. मग इंजिन आतून ठोकायला लागतं. आम्ही म्हणतो, बेअरिंग बोलायला लागलं. हा पिवळा रंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढं त्याच्यावरून आमच्या गावात रामायण झालं.

बोलणाऱ्या बेअरिंगकडे दुर्लक्ष केलं की ते भर जंगलात मौन धरतं. एटापल्लीच्या रस्त्यावर एका ठेकेदाराच्या जीपचं असंच झालं होतं. वाट्यांचा चुरा, जवळपास दुकान नाही, वस्ती नाही, आणि साहेबाला वनखात्याच्या बैठकीला पोचायचं होतं. मी त्याच्या कमरेकडे पाहिलं. चांगला जाड कातडी पट्टा होता. तो मागून घेतला, मापानं कापला, ऑइलमध्ये भिजवला, दांड्याभोवती गुंडाळला आणि वरून मुठीचं झाकण, म्हणजे कॅप, आवळली. कातड्याच्या बेअरिंगवर जीप बैलाच्या चालीनं अहेरीपर्यंत आली. ठेकेदार बैठकीत शेवटपर्यंत बसूनच बोलला म्हणतात, कारण उभं राहायचं तर एक हात पॅन्टला लागायचा. त्यानं मला दोष दिला नाही, पण पुढच्या खेपेला नाडीची पॅन्ट घालून आला.

तर लोकांच्या गाड्यांचं हे असं. माझ्या घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. अहेरीच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथं आमच्या टिनाच्या शेडखाली एक पांढरी अ‍ॅम्बॅसिडर उभी असायची. इथले एक म्हातारे डॉक्टर मुलाकडे नागपूरला कायमचे गेले, तेव्हा जाताना ती मला देऊन गेले. “भंगारात नको देऊ रे, तू दुरुस्त कर,” एवढंच म्हणाले. दारापर्यंत आणली तेव्हाच तिचं बेअरिंग बोलत होतं. उद्या करू म्हणून मी ती शेडखाली लावली. दुसऱ्याच्या गाड्या आज करायच्या आणि आपली उद्या, असा आमच्या धंद्याचा नियमच आहे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. टपावर आमच्या शकुनच्या मिरच्या वाळू लागल्या. शकुन म्हणजे माझी बायको.

शकुनचं माहेर वडशाजवळ. दिवाळी झाली की तिकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, पोरापोरींच्या सोयरीकी आणि रात्री नाटक. माहेरवाशिणीनं त्या दिवशी जायचंच असतं. शकुन दर वर्षी जायची. अहेरीहून बसनं गडचिरोली, तिथं दुसरी बस, मग मिळेल ते आणि शेवटी पायी. मी बहुतेक वेळा जायचोच नाही. दिवाळीनंतर गिऱ्हाइकं फार असतात.

मी काम सोडून घरी बसलो त्या वर्षी दसऱ्यानंतर भंगारवाला दारात आला. अ‍ॅम्बॅसिडरभोवती फिरला, दार वाजवून पाहिलं, टायरला लाथ मारली. शकुन त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. तो गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“या मंडईले मी गाडीनं जाईन,” ती म्हणाली.

“जाऊ न. बस बी गाडीच होय.”

“आपल्या गाडीनं. नाई तं मी त्याले सांगून ठेवलं हाय. मंडई झाली का थो टेम्पो घेऊन येते. लोखंड लोखंडात जाईन, अन् शेड मले मोकळी होईन.”

“अवं, इंजिन बोलून राह्यलं न तिचं.”

“तिचं आइकू येते तुमाले,” शकुन म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टरांना दिलेला शब्द एकीकडे आणि हिचा शब्द दुसरीकडे. शकुन एकदा बोलली की बदलत नाही, हे मला ठाऊक होतं. मंडईपर्यंत बेअरिंग बदललं नाही, तर गाडी जाणार आणि हिच्या मनातूनही मी जाणार. मी पान्यांची पेटी काढली.

अ‍ॅम्बॅसिडरचं बरं असं की बेअरिंग बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. खालून ऑइलचं चेंबर काढलं की दांडा समोर लटकतो. पण त्यासाठी गाडीखाली जावं लागतं, आणि माझी पाठ आता आडवी झाली की उभी व्हायला मदतनीस मागते. तेव्हा खड्डाच खणायचं ठरवलं. गॅरेजात असतो तसा, दोन चाकांच्या मध्ये, माणूस छातीपर्यंत उभा राहील इतका खोल. दोन गडी लावले. त्यांनी शेडखाली खणलं, गाडी ढकलून खड्ड्यावर आणली आणि जाताना एकमेकांकडे पाहिलं.

“तट्टे लावा भवताल,” शकुन म्हणाली. “दिवाळीचे लोकं येतीन घरी, अन् तुमी तोंड काळं करून जमिनीतून वर निघता. चांगलं दिसते का थे?”

म्हणून शेडच्या चारी बाजूंनी बांबूचे तट्टे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यात हळदकुंकू टाकलं, उदबत्ती लावली आणि नारळ फोडला. आमच्यात इंजिन खोलण्याआधी नारळ फोडतात. डॉक्टर ऑपरेशनआधी हात धुतो ना, तसंच.

पण आता हे सगळं बाहेरच्या माणसाच्या नजरेनं पाहा. माणसाच्या लांबीचा खड्डा. भोवती तट्टे. आत उदबत्तीचा धूर, कुंकू, नारळ. आणि घरधनी विचारलं तर म्हणतो, गाडीसाठी खणला. गाडी रस्त्यानं चालते, तिला खड्डा कशाला लागतो? संध्याकाळपर्यंत गावाचं एकमत झालं होतं की मिस्त्रीला गुप्तधन लागलं.

गावाच्या आधी आमच्या शेजाऱ्याचं एकमत झालं होतं. मल्लाभाऊ आमच्या कुंपणापलीकडे राहतो. माणूस प्रेमळ आहे, पण त्याचा डोळा तट्ट्याच्या फटीत बरोबर मावतो. दुसऱ्या दिवशी तो पाहुणा घेऊनच आला.

“हा माहा साळा,” मल्लाभाऊ म्हणाला. “सिरोंच्याहून आला. सहज म्हनलं, मिस्त्रीची गाडी पाय.”

साळ्यानं गाडी पाहिलीच नाही. तो चपला काढून अनवाणी शेडभोवती चालू लागला, एकेक पाऊल दाबून. मग मला उलगडा झाला. हा पायाळू असणार. जो जन्मताना पायांकडून येतो त्याला जमिनीखालचं धन कळतं, असं आमच्याकडे मानतात. साळा एका जागी थांबला, डोळे मिटले. मल्लाभाऊचा श्वास अडकला.

“खाली लोखंड हाय,” साळा म्हणाला.

“सूरजागडचा लोखंडाचा डोंगर कुठी हाय, इथंच तं हाय,” शकुन ओट्यावरून म्हणाली. “आमच्याकडं कुठीबी खंदलं तं लोखंडच निघते, भाऊ. चहा घेता का?”

त्यांनी चहा घेतला. जाताना मल्लाभाऊ कुंपणाशी थांबला आणि बोटानं हवेत रेघ मारून म्हणाला, “मिस्त्री, जुनं कुंपन थोडं तिकडं होतं. खड्ड्याचा हा कोपरा माह्याकडं येते असं वाटून राह्यलं.”

“मंग त्या कोपऱ्यातलं ऑइल तू पूस,” मी म्हणालो.

मी चेंबर सोडलं. ऑइल शकुनच्या जुन्या परातीत काढलं. ती परात जुनी आहे असं माझं मत होतं, शकुनचं नव्हतं. एकेक कॅप उघडली आणि वाट्या हातात घेतल्या. लेप पार गेला होता. आतून सगळ्या पिवळ्याधमक, घासून घासून आरशासारख्या. दांड्यावर नख फिरवून पाहिलं, कुठं ओरखडा नव्हता. वाट्यांनी आपलं काम चोख केलं होतं. स्वतः झिजल्या, दांडा वाचवला. अशा झिजलेल्या वाट्या हातात घेतल्या की मला नेहमी थोडं वाईट वाटतं. गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतही नाही, टाका म्हणतो.

इतक्या जुन्या गाडीचं बेअरिंग अहेरीत मिळणार नव्हतं. माप वाटीच्या पाठीवर बारीक आकड्यात कोरलेलं असतं, तेव्हा नमुना घेऊन चंद्रपूरला जाणं आलं. शकुननं वाट्या राखेनं घासल्या, कारण तेलकट वस्तू पिशवीत टाकलेली तिला चालत नाही. राखेनं त्या आणखीच चमकल्या. मग तिनं त्या नारळाच्या लाल फडक्यात बांधून दिल्या.

बसमध्ये माझ्या मागं एक माणूस डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसला होता. उन्हाचे दिवस नव्हते. बल्लारपूर आलं तेव्हा त्याला शिंक आली, आणि ती शिंक मी रोज पहाटे कुंपणापलीकडून ऐकतो.

“मल्लाभाऊ, कुठी निघाला?” मी विचारलं.

“असंच,” दुपट्टा म्हणाला. “चंद्रपूरले काम हाय.”

चंद्रपूरला मी त्याला विसरून गेलो, तो मला विसरला नाही. पार्टच्या दुकानदारानं लाल फडकं सोडलं, एक वाटी उचलली आणि मापाचा आकडा वाचायला भिंग लावून दिव्याखाली धरली. आत गेला. बऱ्याच वेळानं धुळीनं भरलेले खोके घेऊन आला. मी खोकी उघडून पाहिली, मान हलवली, पिशवीत घातली. जुन्या वाट्या परत फडक्यात बांधल्या. समोरच्या पानटपरीआड उभं राहून मल्लाभाऊनं एवढं सगळं पाहिलं. आता तुम्हीच सांगा, पिवळी चमकती वस्तू, भिंग, दिवा आणि शेवटी पिशवीत जाणारी जड खोकी. ह्याचा दुसरा अर्थ कोणता भला माणूस काढेल?

बेअरिंग बसवायला तिसरा हात लागतो. खालची वाटी कॅपमध्ये बसते, ते सोपं. वरची वाटी दांड्याच्या माथ्यावर असते, तिथं हात पोचत नाही. दांड्याला तेल यायचं एक बारीक भोक असतं. त्यात वाकवलेला खिळा अडकवायचा, वाटीचं टोक त्याला टेकवायचं आणि समोरून हँडलनं दांडा अगदी हळू फिरवायचा. वाटी सरकत सरकत आपल्या जागी जाते. घाई केली तर तिथंच मोडते. मी खड्ड्यात उतरलो आणि शकुननं हँडल धरलं.

“फिरव,” मी खालून म्हणालो. “थोडं. थोडं. थांब.”

“थोडं म्हनजे किती?”

“भाकर परततानी मनगट फिरवतं तेवढं.”

तिनं तेवढंच फिरवलं. इतकी वर्षं गॅरेजात मी पोरांना हे शिकवत आलो, दर वेळी एखादी वाटी जायची. शकुनच्या हातून एकही गेली नाही. मी तसं म्हणालो. ती वरून म्हणाली, “आधी सांगतलं असतं तं मीच केलं असतं गॅरेज.” मी खड्ड्यात एकटाच हसलो. हिला कधी गॅरेजात घेऊन जावं असं मला सुचलंच नव्हतं.

मंडईचा आदला दिवस उजाडला. शेवटची, मागची कॅप तेवढी राहिली होती. ती जड असते आणि दोन माणसांचं काम असतं, एकानं खालून दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं बोल्ट आवळायचे. मी पाना शोधत होतो तेवढ्यात तट्टा बाजूला झाला आणि गावचे पोलीस पाटील आत आले. पांढराशुभ्र पायजमा-शर्ट. मागं मल्लाभाऊ.

“काम थांबवा मिस्त्री,” पाटील म्हणाले. “तक्रार हाय. जमिनीत जे निघन थे सरकारचं असते. खड्डा जसाच्या तसा ठिवा. तहसीलचे लोकं सुट्ट्या झाल्यावर येतीन, मंग पाहू.”

“अवो पाटील, गाडी खड्ड्यावर उघडी हाय. उद्या पहाटे वडशाले जायचं हाय.”

“थे मले नाई माहीत. मले रिपोर्ट द्या लागते.”

सुट्ट्या संपेपर्यंत मंडई उरकणार होती आणि टेम्पो येणार होता. मी काही बोलण्याआधी शकुन पुढं आली. तिच्या हातात काळ्या ऑइलनं काठोकाठ भरलेली परात होती. ती तिनं पाटलांच्या पायांशी ठेवली.

“हे निघालं जमिनीतून,” ती म्हणाली. “सरकारचं असन तं घेऊन जा. मले परात वापस पायजे.”

पाटील मागं सरकले. मल्लाभाऊ पुढं झाला. “हे नाई पाटील. पिवळं. लाल फडक्यात बांधलं होतं. म्या सोता पाह्यलं.”

शकुननं लाल फडकं आणून सोडलं. पाटलांनी एक वाटी घेतली, नखानं खरवडली, चावून पाहिली आणि थुंकले. “हे तं तेलकट लागते.”

“बेअरिंग होय थे,” मी म्हणालो. “अजून खातरी नाई तं खाली उतरा. खड्डा पाहून घ्या.”

पाटलांनी शर्टाकडे पाहिलं, मल्लाभाऊकडे पाहिलं. मग सरकारी कर्तव्य म्हणून धोतराचा नसलेला काचा मारला आणि उतरले. मीही मागून उतरलो. दोघांना उभं राहायला जागा जेमतेम होती. पाटलांनी टॉर्च मारला, माती उकरली, कोपऱ्यात नारळाची करवंटी सापडली.

“झालं?” मी म्हणालो. “आता आलेच तं एवढं धरा.” आणि जड कॅप त्यांच्या दोन्ही हातांत दिली.

माणसाच्या हातात जड वस्तू डोक्याच्या वर आली की तो कायदा विसरतो. पाटील कॅप धरून उभे राहिले. “सोडू का?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सोडाल तर पायावर पडेल. मग त्यांनी फारच मन लावून धरली.

“सिगरेट हाय का पाटील?” मी विचारलं.

“मी सोडली,” पाटील म्हणाले. गावात सगळ्यांना त्यांनी तसंच सांगितलं होतं.

“मले तिचा कागद पायजे. मापाले.”

दांडा आणि वाटी यांच्यातली फट मोजायला शहरात यंत्रं असतात. आम्ही सिगारेटचा पातळ कागद फटीत घालून कॅप आवळतो. दांडा जरा अडून, पण फिरला तर माप बरोबर. सैलच राहिला तर फट जास्त. मी कारण समजावल्यावर पाटलांनी मान वर करून कोणी ऐकतंय का पाहिलं. मग हळूच म्हणाले, “वरच्या खिशात हाय. आमच्या घरी सांगू नोका.” कागद लावला, कॅप आवळली, शकुननं वरून हँडल फिरवलं. दांडा अडखळत फिरला. तो कागद काढून टाकून मी शेवटचे बोल्ट आवळले तेव्हा पाटलांनी स्वतःहून विचारलं, “अजून घट्ट नाई पायजे का?”

चेंबर चढलं, नवं ऑइल भरलं. आता सगळ्यांत वाईट घडी. पंपानं ऑइल उचललं नाही, तर नव्या वाट्या सुरू होताच जळतात. म्हणून आधी प्लग काढून इंजिन हातानं फिरवत राहायचं, ऑइल वर चढेपर्यंत. हे काम मी मल्लाभाऊला दिलं. हक्काचा कोपरा त्याचाच होता.

मल्लाभाऊनं हँडल मारायला सुरुवात केली. मी स्टिअरिंगपाशी बसून लाल दिव्याकडे पाहत होतो. हा दिवा विझला म्हणजे ऑइल पोचलं. मल्लाभाऊ घामाघूम झाला. पाटलांनी त्याच्या हातून हँडल घेतलं. पाटील थकल्यावर शकुननं घेतलं. दिवा लालच. मी दिव्याच्या काचेवर बोट आपटून पाहिलं. पुन्हा चेंबर उतरवायला वेळ नव्हता. शकुननं माझ्या तोंडाकडे पाहिलं. पदर खोचला आणि पुन्हा फिरवू लागली. तिच्या केसांतून घाम गळत होता. मला त्या क्षणी मंडईचं काही वाटेना. एवढंच वाटलं, हिचं एवढं तरी व्हावं.

दिवा फडफडला आणि विझला.

प्लग लावून मी स्टार्टर ओढला. इंजिन खोकललं, धूर सोडला आणि लागलं. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. ठक-ठक नाही, मुसळ नाही. नुसतं भरल्या पोटाच्या म्हशीसारखं रवंथ. माझ्या कामाचं असंच असतं, जे ऐकू येत नाही ते आम्ही केलेलं असतं.

मल्लाभाऊ घाम पुसत म्हणाला, “म्हनजे सोनं नाईच?”

“नाई,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला, आणि मला खरंच वाटलं की त्याला पटलं. पण पाटील निघताना खड्ड्याच्या काठाशी थांबले आणि चपलेच्या टाचेनं जमीन दोनदा ठोकून पाहिली. गावात अजूनही दोन मतं आहेत.

पहाटे निघालो. नव्या बेअरिंगला पहिले काही दिवस पळवायचं नसतं. वाटीनं आणि दांड्यानं एकमेकांची ओळख करून घ्यायची असते. मी ते शकुनला समजावलं. ती म्हणाली, नव्या सुनेचं बी तसंच असते, पन तिले कोनी हळू चालवत नाई. सूरजागडचे खनिजाचे ट्रक भोंगे वाजवत आमच्या अंगावरून पुढं गेले. आष्टीच्या अलीकडे एक सायकलवालाही गेला. शकुन पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसून ताठ बसली होती. गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर तिनं मला आणखी हळू घ्यायला लावलं आणि खिडकीतून बसची वाट पाहत उभ्या बायकांकडे बघत राहिली. हात हलवला नाही. मीच काहीतरी बोललो, ते तिनं ऐकलं नाही.

दुपार कलताना माहेरच्या गावात पोचलो. मंडई भरात होती. पाळणे, जिलेबीचा धूर, नाटकाच्या भोंग्याची चाचणी. चौकात गाडी थांबली तसा तिचा भाऊ गर्दीतून धावत आला, मागं भावजय, मागं सगळं घर. मी उतरलो, वळसा घालून तिच्या बाजूचं दार उघडलं.

शकुन उतरेना.

“उतर न बाई,” भाऊ म्हणाला. “घरी चाल.”

“नाई उतरत,” ती म्हणाली.

भावाला वाटलं काही बिनसलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पाय आखडला. मी हात पुढं केला.

“आतापावतर उतरलीच न जी मी,” शकुन मला म्हणाली. आवाज चढवला नाही. “बस भरली, उतर. फाटा आला, उतर. बैलबंडी फसली, उतर. तुमच्या गिऱ्हाइकाच्या जीपमधी बसली, तं उतर अन् धक्का मार. आज बसू द्या मले.”

मी दार हळूच लावलं. इंजिन बंद करायला खिडकीतून हात घातला तर तिनं मनगट धरलं. “राहू द्या चालू,” म्हणाली. “आइकू द्या लोकाइले.”

मग मंडईच तिच्याकडे आली. भावजयीनं ताट खिडकीतून दिलं. लहानपणीच्या मैत्रिणी एकेक करून मागच्या सीटवर येऊन बसत, सुखदुःख बोलत, उतरत, दुसऱ्या चढत. मी बोनेटला टेकून उभा होतो. पाठीशी इंजिन गुणगुणत होतं, आणि मला एवढंच कळत होतं की ह्या एका फेरीला मी फार उशीर केला.

एक म्हातारे पाहुणे काठी टेकत गाडीभोवती फिरून आले. ते ह्या गावचे नव्हते, आम्हाला ओळखत नव्हते. खिडकीशी वाकून त्यांनी विचारलं, “गाडी कोनाची होय, बाई?”

“माही,” शकुन म्हणाली.

म्हाताऱ्यांनी काठी माझ्याकडे केली. “अन् हा डायवर?”

शकुननं माझ्या ऑइलनं काळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि घास गिळून म्हणाली, “थो बी माहाच.”